एकोणपन्नासला सातने भाग जातो

जर्नल तपासायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. दर सहामाहीच्या शेवटी एकसष्ट जर्नलांची चळत माझ्या टेबलावर येऊन पडते. कुणाच्या पानांवर तेलाचे डाग, कुणाच्या पुठ्ठ्याला चघळून चिकटवलेलं च्युइंगगम, कुणाच्या मागच्या पानावर माझंच चित्र, नाक वाजवीपेक्षा मोठं काढलेलं. ते सगळं मी सहन करते. शिसारी येते ती आतल्या मजकुराची. प्रयोग क्रमांक चार, 'दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे तपासणारा प्रोग्रॅम', एकसष्ट जर्नलांत अक्षर न अक्षर सारखा. ओळी त्याच, ओळींमधली मोकळी जागा तीच. शेवटी चौकटीत उत्तर: सतरा टाकलं तर 'मूळ आहे', वीस टाकलं तर 'मूळ नाही'. सतरा आणि वीस, वीस आणि सतरा. इतक्या वर्षांत एकाही शहाण्याला अठरा टाकून बघावंसं वाटलं नाही.

मीही काही वाचत नव्हते म्हणा. लाल पेनाने 'तपासले' लिहायचं, सही ठोकायची, पुढचं ओढायचं. तासाभरात साठ जर्नलं हातावेगळी करायचा माझा हातखंडा होता. आणि सही ठोकता ठोकता स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पोरांच्या नावाने बोटं मोडायची, हाही.

हा सगळ्यांनी उतरवलेला प्रोग्रॅम मुळात मी लिहिलेला आहे. बारा वर्षांपूर्वी कॉलेज नवीन होतं. सोमवारी तपासणी समिती यायची होती आणि शनिवारी दुपारी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की प्रात्यक्षिकांची पुस्तिकाच तयार नाही. सगळ्यात नवीन मी, म्हणून मला बसवलं. चार तासांत पंचवीस प्रोग्रॅम लिहून दिले. समितीने पुस्तिकेचं मुखपृष्ठ बघितलं, पानं मोजली आणि चहा घेऊन गेली. तेव्हापासून ती पुस्तिका दरवर्षी छापली जाते आणि पोरं तिच्यावरून जर्नल उतरवतात. मी एकदाही ती पुन्हा उघडून बघितली नाही.

यंदा परीक्षा विभागाने नवीन सॉफ्टवेअर आणलं. विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम त्यात टाकायचा, ते पाच संख्या देऊन तो चालवून बघतं, आलेली उत्तरं आपल्याजवळच्या उत्तरांशी ताडून बघतं आणि गुण देतं. एका संख्येला चार, पाच मिळून वीस. पास व्हायला दहा. आमचे विभागप्रमुख खुशीत होते. त्यांना सगळे मागून 'शंभर टक्के सर' म्हणतात, कारण निकाल शंभर टक्के लागावा यापलीकडे त्यांना आयुष्यात काही नको आहे. पाच संख्या त्यांनी स्वतः निवडल्या होत्या.

"सतरा आणि वीस ठेवले आहेत, पण बाकीच्या जरा फसव्या घेतल्यात हां मॅडम," ते मला म्हणाले होते. "एकोणपन्नास, एकशे एकवीस, एकशे एकोणसत्तर. दिसायला मूळ वाटतात. पोरांची परीक्षाच होईल!"

मंगळवारी निकाल पडद्यावर आला. साठ जणांना वीसपैकी वीस. एकीला आठ.

ती एक म्हणजे आमच्या कॉलेजची वायरमन. होय, बाई आहे. वय सेहेचाळीस. अंबाड्यात सदानकदा विजेचा टेस्टर खोचलेला असतो, म्हणून तिला सगळे 'टेस्टरबाई' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी ती सभागृहाच्या शिडीवरून पडली, खुब्यात लोखंडी पट्टी बसली आणि डॉक्टरांनी शिडीचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. शिडी न चढणारा वायरमन कुणाला हवा असतो? कॉलेजने मोठ्या मनाने सांगितलं, संगणक प्रयोगशाळेत सहायकाची जागा रिकामी आहे, पदविका पूर्ण करा, ती जागा तुमची. नाही केलीत तर घरी बसा. कामावर असलेल्यांना परीक्षेच्या तीन संधी मिळतात. पहिल्या वेळी ती खुब्याच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होती, दुसऱ्या वेळी लेखी गेली. ही तिसरी.

आठ गुण बघून मी मान हलवली. मला वाटलं, बाईला साधं उतरवताही आलं नाही. एवढं सोपं काम, साठ जणांनी डोळे मिटून केलं, आणि हिने त्यातही घाण केली. कुठे काय गाळलंय ते बघावं म्हणून मी तिचा प्रोग्रॅम उघडला.

तो उतरवलेला नव्हता. आमच्या पुस्तिकेतली एकही ओळ त्यात नव्हती. जरा लांबलचक होता, ओबडधोबड होता, पण मी चूक शोधत बसले ती सापडेना. शेवटी तिचा प्रोग्रॅम चालवला आणि एकोणपन्नास टाकले. 'मूळ नाही.' बरोबरच आहे की! सातने भाग जातो. मग पुस्तिकेतला प्रोग्रॅम चालवला आणि एकोणपन्नास टाकले.

'मूळ आहे.'

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही ती. तपासायची रीत सोपी आहे. दोनने भागून बघा, तीनने बघा, चारने बघा. त्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत गेलं की पुरे. एकोणपन्नास असेल तर सातपर्यंत. माझा प्रोग्रॅम सहावर येऊन थांबत होता. 'वर्गमुळापर्यंत' असं लिहायच्या जागी मी 'वर्गमुळाच्या अलीकडेपर्यंत' असं लिहून ठेवलं होतं. एका चिन्हाची चूक. सतराला, वीसला, जवळजवळ प्रत्येक संख्येला तो बरोबर उत्तर द्यायचा, म्हणून तर इतकी वर्षं खपून गेला. पण चार, नऊ, पंचवीस, एकोणपन्नास, एकशे एकवीस, एकशे एकोणसत्तर, यांना तो बिनदिक्कत मूळ म्हणायचा. शंभर टक्के सरांनी फसव्या म्हणून निवडलेल्या तिन्ही संख्या नेमक्या त्यातल्या. आणि त्यांना स्वतःला उत्तरं माहीत असून त्यांनी ती सॉफ्टवेअरमध्ये भरली नव्हती. पुस्तिकेतला प्रोग्रॅम चालवला आणि जे आलं ते डोळे झाकून चिकटवलं.

माझे कान गरम झाले. कारण मला ऑगस्टमधली एक दुपार आठवली.

टेस्टरबाई एक वही घेऊन माझ्या टेबलाशी आली होती. वहीत एक ते शंभर आकडे हाताने लिहिलेले. दोनाच्या पटीतले खोडले होते, तिनाच्या पटीतले खोडले होते, असं करत करत जे उरले त्यांना गोल केला होता. शेजारी प्रोग्रॅमने दिलेली उत्तरं.

"मॅडम, मी सगळे शंभर टाकून बघितले," ती म्हणाली होती. "चार ठिकाणी गडबड आहे. नऊ टाकलं तर मूळ आहे म्हणतो."

"शंभर? कशाला?"

"आमच्याकडे बोर्ड बसवला की सगळी बटणं दाबून बघावी लागतात. दोन लागली म्हणून बाकीची लागतील असं नसतं."

माझ्यासमोर पहिल्या चाचणीसाठी मागवलेल्या जर्नलांची चळत होती. मी वहीकडे बघितलंही नाही. "हे बघा बाई," मी म्हणाले, "पुस्तिकेत आहे तसं लिहा. तेच परीक्षेत चालतं. वेगळं काही लिहायला जाल आणि गुण जातील, मग माझ्याकडे रडत येऊ नका." ती वही मिटून गेली. मी पुढचं जर्नल ओढलं. शेण खाल्लं ते मी त्या दिवशी, आणि वर स्टाफरूममध्ये सांगितलं की आता वायरमनसुद्धा मला प्रोग्रॅमिंग शिकवायला लागल्यात. सगळे हसले होते.

मी तडक शंभर टक्के सरांच्या खोलीत गेले. त्यांच्या टेबलावर काचेखाली मागच्या सात वर्षांच्या निकालांचे तक्ते आहेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, संगणकावर एकोणपन्नास टाकून बघितले, मग एकशे एकवीस टाकून बघितले, आणि ते खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे उत्तरं दुरुस्त केली तर साठ जणांचे वीसचे आठ होणार."

"हो."

"साठ नापास. आणि ही एकटी पास." त्यांनी मला नीट समजावं म्हणून सावकाश सांगितलं. "एकसष्टमध्ये एक. मॅडम, टक्केवारी काढा बघू."

"पण तिचं बरोबर आहे सर."

"मी कुठे चूक म्हणतोय? तिचं काम झाल्याशी मतलब ना? तिला दोन कृपागुण देऊ. आठ आणि दोन दहा. ती पास, साठ पास, निकाल शंभर टक्के." हे त्यांच्या तोंडून निघताना त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी खणातून एक कागद काढला. "शुक्रवारी गुण वर जातात. त्याआधी हा अर्ज भरून आणा."

अर्जावर लिहिलं होतं: 'माझ्या उत्तरात झालेली चूक मला मान्य असून सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' त्याखाली उमेदवाराच्या सहीची जागा. त्याखाली आणखी एक ओळ: 'सदर चूक मी स्वतः तपासून खात्री केली आहे.' तिथे विषयशिक्षकाची सही.

मी तो कागद घेतला. हे मला सांगायला लाज वाटते. तिथल्या तिथे फाडून टाकावा असं मनात आलं होतं, पण हाताने त्याची नीट घडी घातली. साठ पोरांचा विचार मनात आला असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर खुलासा द्यावा लागला तर काय लिहायचं, हा विचार आला होता.

टेस्टरबाई जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत होती. तिथे कुबट वास येतो, भिंतीला ओल आहे आणि कोपऱ्यात पोरांनी सिगारेटची थोटकं टाकलेली असतात. ती स्टुलावर बसून जळके फ्यूज बदलत होती. मी तिला निकाल सांगितला, चूक कुणाची तेही सांगितलं, अगदी तोंडातल्या तोंडात, आणि मग अर्ज पुढे केला. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि दोनदा वाचला.

"एकोणपन्नासला सातनं भाग जातो ना मॅडम?"

"जातो."

"मग यात मी चूक कुठली लिहू?"

"ते फक्त लिहिण्यापुरतं आहे हो. कोण वाचतंय? तुमची जागा पक्की होईल."

तिने अर्ज मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मला जागा पाहिजे. घरी बसून मला चालणार नाही. नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईचं काही खरं नाही, आणि माझ्या या पायानं दुसरीकडे कोण घेतंय मला? मी सही करते." तिने पेन मागितलं. मी दिलं. पेन कागदाला लागणार तेवढ्यात ती थांबली आणि तिने कागद फिरवून माझ्यासमोर धरला. "पण खाली तुमची पण आहे. तुम्ही तपासून खात्री केलीय म्हणून. तुम्ही करा आधी. तुमची झाली की मी डोळे झाकून करते."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिचा आवाज अगदी सरळ होता. मी पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. "उद्या देते," म्हणाले आणि तिथून सटकले.

घरी आले तर नवरा आणि सासूबाई टेबलाशी बसून शेंगा सोलत होते. नवऱ्याची गाडी शिकवायची शाळा आहे, त्यामुळे तो जगातली प्रत्येक गोष्ट गिअर आणि क्लचमध्ये समजून घेतो. मी सगळं सांगितलं.

"तिचं काम होतंय ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग तुझी सही काय कुणाचं घोडं मारतेय?"

"खोटं आहे ते आई."

"खोटं तर तू बारा वर्षं शिकवतेयस," नवरा शेंग तोंडात टाकत म्हणाला. "त्यात एक सही, एवढं काय! अगं, आत्ता तू उठून सांगितलंस ना की चूक माझी, तर पहिला प्रश्न काय येईल माहितेय? इतकी वर्षं बाई तुम्ही काय करत होता? आमच्याकडे शिकाऊ माणसानं गाडी भिंतीवर घातली तर लोक त्याला विचारत नाहीत. मला विचारतात. दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असतो ना."

"म्हणजे मी काय करू?"

"सही कर आणि मोकळी हो. आणि पुस्तिका गुपचूप दुरुस्त कर पुढच्या वर्षी."

माझ्याच मनातलं तो बोलत होता, आणि तरी मला त्याचा राग आला. दुसऱ्याच्या तोंडून ते फार घाण वाटत होतं. मी जेवले नाही. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि 'पित्त झालंय तिला' असं जाहीर केलं.

बुधवारी सकाळी पहिल्या तुकडीचा जर्नल जमा करायचा दिवस होता. वीस पोरं प्रयोगशाळेत आली. ही साठांतलीच, वीसपैकी वीसवाली. गुण त्यांना अजून कळले नव्हते, पण सगळे कसे सुखात होते. खोलीत नेहमीसारखा तापलेल्या धुळीचा आणि ओल्या मोज्यांचा वास होता, कळफलकांवर बोटांचा काळा चिकट थर होता. माझ्या पर्समध्ये तो अर्ज होता. अजून सही केलेली नव्हती.

सह्या करायला बसणार, तेवढ्यात मी म्हणाले, "थांबा. आधी प्रयोग क्रमांक चार चालवा. प्रत्येकाने. आणि नऊ टाका."

"मॅडम, सतरा टाकायचं असतं," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"नऊ टाका."

कळा वाजल्या. मी टेबलांच्या मधून फिरायला लागले. पहिला पडदा: 'नऊ ही मूळ संख्या आहे.' दुसरा पडदा, तेच. तिसरा, चौथा. वीस पडद्यांवर वीस वेळा. तीन त्रिक नऊ हे त्या प्रत्येकाने सहाव्या-सातव्या वर्षी घोकलेलं आहे. मी वाट बघितली. आता कुणीतरी भुवई वर करेल, कुणीतरी शेजारच्याला कोपर मारेल, एक तरी 'मॅडम, हे काय?' म्हणेल.

"आलं का?" मी विचारलं.

"आलं मॅडम," एकजण जांभई दाबत म्हणाला. "बरोबर आलं."

"बरोबर आहे?"

"एरर नाही आली मॅडम."

वीस जर्नलं माझ्या दिशेने पुढे झाली, सगळी चौथ्या प्रयोगाच्या पानावर उघडलेली. मला खरंच ओकारी आली. इतकी, की मी तोंडावर हात धरून खिडकीपाशी गेले. पोरांची किळस मला रोजचीच होती, तिची सवय होती. ही वेगळी होती. यांना असं कुणी केलं? शाळेतून येताना यांना नऊ माहीत होतं. 'पुस्तिकेत आहे तसं लिहा' हे यांना मी सांगितलं, एकेका तुकडीला, वर्षानुवर्षं, लाल पेनाने. वेगळं लिहायला गेलेल्या एकुलत्या एका बाईला मी दम भरून परत पाठवलं. आणि काल तिच्याच हातात चूक कबूल केल्याचा कागद नेऊन दिला.

मी एकाही जर्नलावर सही केली नाही. स्टाफरूममध्ये गेले, कृपागुणांचा अर्ज फाडून कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि कोरा कागद घेतला. परीक्षा विभागाला पत्र लिहिलं. प्रयोग क्रमांक चारचा प्रोग्रॅम मी लिहिलेला आहे, तो चुकीचा आहे, आदर्श उत्तरं त्याच्यावरून भरली गेली आहेत, एकाच उमेदवाराचं उत्तर बरोबर आहे, आणि तिने ही चूक ऑगस्टमध्ये मला दाखवली असता मी ती बघितली नाही. शेवटचं वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. दोनदा खोडलं. मग तसंच ठेवलं. पत्र शंभर टक्के सरांच्या हातात न देता थेट आवकच्या खिडकीवर दिलं आणि शिक्का मारून घेतला.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. उत्तरं दुरुस्त झाली. टेस्टरबाईला वीसपैकी वीस, साठ जणांना आठ, महिन्याभराने फेरपरीक्षा. मला सात दिवसांत लेखी खुलासा द्यायची नोटीस आली आणि हा विषय लगेच माझ्याकडून काढून घेतला. शंभर टक्के सर जिन्यात समोर आले की भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं बघायला लागायचे. एका मुलाचे वडील, विषय शिकवणारी मी म्हणून, स्टाफरूममध्ये येऊन माझ्यासमोर टेबलावर हात आपटून गेले. नवरा म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?" सासूबाईंनी मात्र त्या दिवशी मला आधी वाढलं.

आणि एवढं होऊनही माझ्यात खोड उरलीच होती. मला आतून जरा बरं वाटत होतं. आपण काहीतरी मोठं केलं, एका बाईची नोकरी वाचवली, असं मी मनाशी घोळवत होते. टेस्टरबाईला नेमणुकीचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, माऊस चालत नाही असं खोटं निमित्त काढून, मी प्रयोगशाळेत गेले. ती आभार मानेल, मी 'अहो त्यात काय' म्हणेन, असं सगळं माझं ठरलेलं होतं.

ती सहायकाच्या टेबलाशी बसली होती. समोर यंत्रांची यादी. कळफलक पुसून सुकायला उलटे ठेवलेले. तिने माझा माऊस लावून बघितला, तो चालला, तिने परत दिला. मी जाईना.

"बसा ना मॅडम," ती म्हणाली. मी बसले. "एक विचारू?"

"विचारा की."

"तेव्हा मी वही घेऊन आले होते. तुम्ही बघितली का नाही?"

मला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार वेगळं सुरू झालं होतं. "कामं होती हो," मी म्हणाले. "साठ जर्नलं पडली होती समोर."

"पाच मिनिटं लागली असती."

"हो."

"तेव्हा बघितली असतीत तर पुस्तिका तेव्हाच सुधारली असती. पोरांनी बरोबर उतरवलं असतं. कुणी पडलं नसतं." ती हिशोब करून सांगितल्यासारखी बोलत होती, रागाने नाही. "मी वाचले ते चांगलंच झालं माझ्यासाठी. पण पोरं मला जिन्यात शिव्या घालतात. परवा माझ्या लॉकरच्या दारावर काय लिहून ठेवलं होतं ते मी तोंडानं सांगू शकत नाही."

"तुम्हाला? का?"

"सरांनी वर्गात सांगितलंय, एका उमेदवाराच्या तक्रारीमुळे फेरपरीक्षा लागली. तुमचं नाव कुठे आलंच नाही." तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मी तक्रार केली नव्हती. मी तुम्हाला सांगायला आले होते."

पत्रात मी सगळं लिहिलं होतं, शिक्का मारून घेतला होता, आणि ज्यांना ते कळायला हवं होतं त्यांच्यातल्या एकालाही मी तोंडाने काही सांगितलं नव्हतं. विषय काढून घेतला म्हणून त्यांच्या वर्गात जावं लागत नाही, याचं मला हायसं वाटलं होतं.

"तुम्ही त्यांना सांगा," ती म्हणाली.

"सांगते. एखाद दिवशी..."

"पहिली तुकडी साडेदहाला येतेय. फेरपरीक्षेच्या सरावाला."

दहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. जिन्यावर पोरांचे पाय वाजायला लागले, कुणीतरी मोठ्याने हसलं, कुणीतरी तिचं नाव घेऊन काहीतरी घाणेरडं बोललं, आणि ती मान खाली घालून यादीवर खुणा करत राहिली. मी खुर्चीवरून उठले आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहिले.